कांबळ्याची घडी

सुवेळ नगरात उदयसेन राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व त्या राज्याच्या अगदी टोकाला, डोंगराच्या कुशीतल्या एका वस्तीत जन्माला आला होता. राजा न्यायी होता असे सांगतात. असेलही. पण वस्ती नगरापासून नऊ दिवसांच्या वाटेवर होती आणि एवढे चालून तिथे ना राजाचा कर मागणारा पोचे, ना राजाचा न्याय. तिथले लोक रानातले कंद खणून आणि थोडी वरी-नाचणी पेरून जगत. मुलांना झाडांची नावे ठेवायची त्यांची रीत होती. बोधिसत्त्वाचे नाव करंज होते. गोष्ट मात्र त्याच्या सासऱ्यापासून सुरू करावी लागते. त्याचे नाव बिल्वक.

बिल्वक हा वस्तीचा चाखणारा होता. फार पूर्वी, वस्ती नवी असताना, असे ठरले होते की रानात काही अनोळखी सापडले तर ते आधी एकाने खायचे आणि बाकीच्यांनी वाट पाहायची. तो वाचला तर ते अन्न. नाही वाचला तर त्याचे घर वस्तीने पोसायचे. पण गेल्या चार पिढ्यांत नवे काही चाखायची वेळच आली नव्हती. खाण्याजोगे काय आणि टाकण्याजोगे काय, हे पणजोबा-खापरपणजोबांनी जीव देऊन ठरवून ठेवले होते. चाखणाऱ्याचे काम उरले होते ते एवढेच, की दरवर्षी नव्या नाचणीची पहिली भाकर त्याने सर्वांदेखत खावी. पहिल्या घासाला दृष्ट लागू नये म्हणून लाल काठाचे कांबळे डोक्यावरून ओढून घ्यावे, आतल्या आत घास चावावा, मग कांबळे बाजूला करून म्हणावे, "अन्न आहे." की ढोल वाजत. बिल्वक तीस वर्षे हेच करीत आला होता. मान होता, कांबळे होते, पहिली भाकर होती. धोका म्हणावा तर भाकर करपलेली निघण्याचा.

मग एका वर्षी सगळ्या डोंगरावरचा वेळू एकदम फुलला. वेळूचे बी खाऊन उंदीर माजले. बी संपल्यावर ते शेतात उतरले, शेत संपल्यावर कणगीत शिरले, आणि कणग्या फस्त झाल्यावर जमीन उकरून गोडे कंदही त्यांनी पोखरले. मग एके दिवशी तेही निघून गेले. वस्तीत पाला उरला आणि ओढ्यातले खेकडे. काही धडधाकट माणसे नगराच्या वाटेने निघाली, त्यांतले कोणी परत आले नाही.

डोंगरावर एकच गोष्ट उंदरांनी तोंड न लावता सोडली होती. कडूकंद. हाताच्या अंतरावर एक, डोक्याएवढा, भरदार. वस्तीत पिढ्यान्‌पिढ्या एवढेच सांगत आले होते की कडूकंदाला हात लावू नये. का, ते सांगणारा कोणी उरला नव्हता.

वस्तीच्या मुखियाचे नाव खदिर. त्याने सर्वांना वडाखाली बोलावले, कडूकंद उकडवला आणि बिल्वकाला म्हणाला, "चाखणारे, तुमची वेळ आली."

बिल्वकाने कांबळे डोक्यावरून ओढले. आतल्या अंधारात त्याने तुकडा तोंडात घातला. जीभ कडवटली, मग चुणचुणली, मग तिची जाणीव जाऊ लागली. त्याला मरण इतके जवळ कधी दिसले नव्हते. त्याने तो चोथा कांबळ्याच्या घडीत थुंकला आणि घडी मुठीत दाबून धरली. बाहेर सारी वस्ती श्वास रोखून बसली होती. "अन्न नाही" म्हटले तर उद्या दुसरे काही पुढे करतील, परवा तिसरे. शिवाय कडुनिंबही कडूच असतो, त्याने कोण मरतो, असे त्याने स्वतःला सांगून पाहिले. घरी गेलो की बायकोला तेवढे बजावू, खाऊ नकोस म्हणून. हाही विचार त्याच्या मनात येऊन गेला. त्याने कांबळे बाजूला केले. तीस वर्षांच्या सवयीने तोंडातून शब्द आले, "अन्न आहे."

रीतीप्रमाणे वाट पाहायला हवी होती. पण चार पिढ्या चाखणारा भाकर खात होता, आणि भाकरीसाठी कोण थांबतो? वाट पाहायची असते हेच लोक विसरले होते. ढोल वाजायच्या आत हंड्याभोवती झुंबड उडाली. बिल्वकाची बायको बदरी बायकांत सर्वांत पुढे होती. नवऱ्याच्या शब्दावर तिच्याइतका विश्वास दुसऱ्या कोणाचा असणार? बिल्वक गर्दीतून वाट काढत तिच्यापर्यंत पोचला तेव्हा ती बोटे चाटत होती. तो काही बोलला नाही.

सूर्य मावळायच्या आत अकरा माणसे गेली. त्यांत चार मुले होती, खदिराचा मुलगा आणि सून होती, आणि बदरी होती. बाकीच्यांना ओकाऱ्या झाल्या, म्हणून ती वाचली. बिल्वक सोडला तर त्या हंड्यातले ज्यांनी खाल्ले नव्हते अशी दोनच मोठी माणसे वस्तीत होती. एक करंज, तो ओढ्याकडे गेला होता. दुसरी त्याची बायको, म्हणजे बिल्वकाची मुलगी शाल्मली. ती पंधरा दिवसांची बाळंतीण होती आणि बाळंतिणीने सामाईक हंड्यातले खायचे नसते.

बिल्वकाला कोणी दोष दिला नाही. उलट लोक म्हणू लागले की याने सर्वांआधी खाल्ले आणि याला साधी ओकारी झाली नाही, पूर्वजांचा हात आहे याच्यावर. हे ऐकताना त्याला वाटे, यापेक्षा धोंडे मारले असते तर बरे झाले असते. पण तोंड उघडायचा धीर त्याला झाला नाही.

बदरीच्या अंगावर घालायला ते कांबळे हवे होते. करंज म्हणाला, "मळलंय, मी धुऊन आणतो." बिल्वक ओट्यावर बसून पाहत राहिला. करंजाने पाण्यात कांबळे उलगडले, घडीपाशी त्याचा हात थांबला. त्याने तो वाळलेला चोथा बोटाने सोडवला, तळहातावर घेऊन पाहिला आणि पाण्यात सोडून दिला. मग कांबळे नीट पिळले, आणून सासूच्या अंगावर पसरले. सासऱ्याकडे त्याने नजर वर करून पाहिलेसुद्धा नाही. कळले आहे, हे बिल्वकाला कळले.

दोन दिवसांनी करंजाने लोकांना पुन्हा वडाखाली बोलावले.

तो म्हणाला, "ओढ्याच्या वळणावर दरड कोसळलीय. तिच्याबरोबर कडूकंद फुटून पाण्यात पडलेत. डोंगरावरचे कंद डुकरं उकरतात आणि तसेच टाकून जातात. पण ओढ्यातले ती खाताहेत. त्यांतल्या एकाचा खूर फाटलेला आहे. तो माग मी त्या दिवशी पाहिला, काल पाहिला, आज सकाळी पुन्हा ताजा पाहिला. म्हणजे तो खातोय आणि जगतोय. वाहतं पाणी त्यातलं विष काढत असणार. किती दिवसांत, ते मला ठाऊक नाही. ते खाऊनच कळेल."

एक म्हातारा म्हणाला, "अरे, विषाची परीक्षा घ्यायची नसते."

"एरवी नसते, आजोबा. आता दुसरं काही उरलंय का?"

खदिर म्हणाला, "पिंपळी म्हातारी शेवटच्या घटका मोजतेय. तिच्या तोंडात घालून पाहू. ती तशीही जाणारच आहे."

बिल्वकाला ही सूचना मनातून बरी वाटली, आणि बरी वाटली म्हणून लाजही वाटली.

"ती मेली तर कंदानं मेली की भुकेनं, हे कोण सांगणार?" करंज म्हणाला. "आणि ते कळत असतं तरी नको. जिला नाही म्हणता येत नाही, तिच्या जिभेवर आपली जोखीम ठेवायची नाही. ठरवणारा मी, खाणारा मी."

"आणि मेलास तर?"

"तर एवढं तरी कळेल की एवढ्या दिवसांनी भागत नाही."

त्याने कंदाचे पातळ काप केले, टोपल्यांत भरले, तोंडे बांधून टोपल्या ओढ्याच्या धारेत दगडाखाली दाबून ठेवल्या. एक दोरी घेतली आणि दिवसाला एक गाठ मारू लागला. चाखायची त्याची पद्धत त्याने शाल्मलीला नीट सांगून ठेवली, म्हणजे आपण गेलो तरी ती पद्धत राहावी. काप आधी मनगटाच्या आतल्या बाजूला घासायचा आणि थांबायचे. मग ओठाला. मग जिभेच्या टोकाला. मग नखाएवढा गिळायचा, आणि एक अख्खा दिवस थांबायचे.

तिसऱ्या गाठीला मनगटावर पुरळ उठले. तो तिथेच थांबला.

पाचव्या गाठीला मनगट स्वच्छ राहिले, ओठ ठीक राहिला. त्याने नखाएवढा तुकडा गिळला. दुपारी ओकाऱ्या सुरू झाल्या, डोळ्यांपुढे एकाची दोन माणसे दिसू लागली. शाल्मली बाळाला पाठीशी बांधून त्याचे डोके धरून बसली. बिल्वक दारात उभा राहिला आणि आत गेला नाही. हे काम माझे होते, हे शब्द त्याच्या घशापर्यंत येत आणि परत जात.

मधल्या दिवसांत पिंपळी म्हातारी गेली, आणखी तीन मुले गेली. सातव्या गाठीला करंजाने घासभर खाल्ले. तो दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी त्याचे पाय गेले आणि ओठ काळेनिळे पडले.

नवव्या गाठीला त्याला झोळीत घालून वडाखाली आणावे लागले. समोर नवव्या दिवसाच्या उकडलेल्या कापांची टोपली होती. तो सावकाश बोलला, शब्द जड येत होते.

"हा काप मनगटाला लावला, काही झालं नाही. ओठाला लावला, पण माझा ओठ आता मेलेला आहे, त्याला निखाराही कळणार नाही. मी हे खाऊन मेलो तर तुम्ही म्हणाल कंद वाईट. मेलो मात्र पाचव्या नाहीतर सातव्या दिवसाच्या विषानं असेन. माझी जीभ आता खोटी साक्ष देईल. माझ्या मनाचा कौल आहे की हे अन्न आहे. पण नुसत्या माझ्या मनावर तुम्ही मुलांच्या तोंडात घास घालू नका. ज्याच्या पोटात हा कंद कधीच गेला नाही, असं एक माणूस हवं."

लोक एकमेकांकडे पाहू लागले. त्या दिवशी हंड्यातले सर्वांनीच खाल्ले होते. बिल्वकाकडे कोणी पाहिलेही नाही. त्याने तर सर्वांआधी खाल्ले होते, आणि त्याला कंद बाधत नाही असा लोकांचा समजच होता. त्याने टोपलीभर खाल्ले तरी त्यातून काय कळणार?

तेव्हा शाल्मली उठली. तिने बाळ शेजारणीच्या मांडीवर दिले आणि म्हणाली, "माझ्या पोटात गेलेला नाही."

बिल्वकाने जावयाकडे पाहिले. करंज डोळे अर्धवट मिटून पडला होता. तो आता बोलेल, आता सांगेल, असे बिल्वकाला वाटत होते. करंज बोलला नाही. शाल्मली टोपलीपाशी पोचली, तिने आईसारखाच पदर खोचला आणि हात पुढे केला.

"थांब, पोरी," बिल्वक म्हणाला.

तो उठला. त्याने अंगावरचे दुसरे कांबळे काढून जमिनीवर टाकले. उघड्या खांद्यांनी तो वस्तीपुढे प्रथमच उभा होता.

"माझ्याही पोटात गेलेला नाही. त्या दिवशी मी गिळलं नाही. मी भ्यालो. कांबळ्याच्या घडीत थुंकलो आणि तुम्हाला अन्न आहे म्हणून सांगितलं."

शेजारणीच्या मांडीवरचे बाळ रडू लागले. मग खदिर उठला. कंद खणायची जाड काठी त्याने दोन्ही हातांनी उचलली. मुलगा आणि सून त्याने एकाच दिवशी पुरली होती. त्याला अडवायला कोणी पुढे झाले नाही, आणि बिल्वकही जागचा हलला नाही.

झोळीतून करंजाचा आवाज आला. "मुखिया, मारायचं तर तीन दिवसांनी मार. आज त्याचं पोट आपल्या सगळ्यांचं आहे."

खदिराचे हात तसेच वर राहिले. मग त्याने काठी खाली टेकवली आणि म्हणाला, "खा."

बिल्वकाने ओंजळभर उकडलेले काप खाल्ले. प्रत्येक घास गिळल्यावर तो तोंड उघडून चहूकडे फिरवून दाखवीत होता, जीभ उचलून दाखवीत होता. म्हातारा माणूस, दात पडलेले, गालांवरून पाणी वाहते आहे आणि तोंड वासून उभा. पाहणाऱ्यांना ते पाहवत नव्हते. तरी सर्वांनी पाहिले.

तीन दिवस तो वडाखाली उघड्यावर बसला. समोर खदिर, मांडीवर काठी. बिल्वकाच्याच सांगण्यावरून करंजाची झोळी त्याच्या बाजूला ठेवली होती. दुसऱ्या दिवशी ऊन उतरताना करंजाला जरा शुद्ध आली.

बिल्वक हलकेच म्हणाला, "कांबळं तू धुतलंस. तुला ठाऊक होतं."

"होतं, मामा."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर बारावा माणूस गेला असता. आणि आता गरज पडली, तेव्हा हे पोट कुठून आणलं असतं?"

"आणि शाल्मली उठली तेव्हा? तेव्हाही गप्प राहिलास."

"तेव्हा मला फार भीती वाटली. तिचा हात टोपलीपर्यंत गेला असता तर बोलणार होतो. पण वाटत होतं, तुम्ही उठाल. इतक्या दिवसांत मी एवढ्या मोठ्या जोखमीचं काही चाखलं नाही, मामा."

मग तो हसल्यासारखा दिसला, पण ओठ हलत नसल्याने नक्की सांगता येत नव्हते. थोड्या वेळाने तो गेला. बिल्वकाला जागचे उठायची परवानगी नव्हती. त्याने बसल्या बसल्या हात लांब करून जावयाचे डोळे मिटले.

तिसऱ्या दिवशी सकाळी सारी वस्ती पाराभोवती जमली. खदिराने विचारले, "काय होतंय?"

बिल्वकाने बराच वेळ स्वतःच्या शरीराचा कानोसा घेतला. ओठ जागे होते. नजर स्वच्छ होती. पोटात एकच गोष्ट होत होती आणि ती सांगायला त्याला मरणाची लाज वाटली.

"भूक लागलीय," तो म्हणाला.

कोणी ढोल वाजवला नाही. खदिर काठी घेऊन उठला, बिल्वकाच्या पुढे येऊन उभा राहिला. बिल्वकाने मान खाली घातली. खदिराने काही क्षण त्या पांढऱ्या केसांकडे पाहिले. शेवटी ती काठी कंद खणायची होती. ती खांद्यावर टाकून तो डोंगराकडे चालू लागला आणि त्याच्यामागे ज्यांच्या पायांत चालण्याइतके त्राण होते ते सगळे गेले.

वस्ती जगली. बिल्वकाला कोणी क्षमा केली असे मात्र नाही. पुढे तो नऊ वर्षे जगला. शाल्मलीखेरीज कोणी त्याच्याशी आपणहून बोलत नसे. पण रानात अनोळखी पाला, फळ, मूळ काही सापडले की लोक ते आधी त्याच्या ओट्यावर आणून ठेवीत आणि काही न बोलता निघून जात. तो ते मनगटाला लावी, मग ओठाला, मग जिभेला, आणि दोरीला गाठ मारी. त्या वस्तीत तेव्हापासून चाखणारा उघड्या अंगाने खातो आणि गिळून झाल्यावर तोंड उघडून दाखवतो. दृष्ट लागली तर लागू दे, असे तिथे म्हणतात.

ही गोष्ट शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, विहारात भिक्खूंना सांगितली, त्याला कारण घडले होते. सुयाम नावाच्या एका भिक्खूने सोबत्यांना नदीचा उतार दाखवला होता आणि मी इथूनच पार गेलो आहे, असे सांगितले होते. त्याच्या शब्दावर पुढे गेलेले दोघे भिक्खू वाहून गेले. सुयाम त्या उताराने कधी गेलाच नव्हता. तो पुलावरून फेरा घेऊन आला होता, पण तसे सांगायची त्याला लाज वाटली. हे त्याने कोणालाही सांगितले नव्हते. उलट हा कसा तरला म्हणून सगळे त्याचेच कौतुक करीत होते.

गोष्ट संपवून शास्ते म्हणाले, "त्या वेळची वस्ती म्हणजे ही परिषद. मुखिया खदिर म्हणजे वाहून गेलेल्या दोघांचे आचार्य, जे आज समोर बसले आहेत. शाल्मली म्हणजे भिक्खुणी संघातली ती थेरी, ती ज्येष्ठ भिक्खुणी, जी आजाऱ्यांचे औषध आधी स्वतः घेऊन पाहते. आणि करंज म्हणजे मीच होतो."

एवढे बोलून ते थांबले. बिल्वकाचे नाव त्यांनी घेतले नाही. परिषद वाट पाहत राहिली, शास्तेही वाट पाहत राहिले. पुष्कळ वेळाने मागच्या रांगेत सुयाम उठून उभा राहिला. त्याने एका खांद्यावरचे चीवर सारखे केले, हात जोडले आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "बिल्वक मी होतो. मी त्या उताराने गेलो नव्हतो."

वृद्ध आचार्यांनी डोळे मिटून घेतले.

शास्ते म्हणाले, "भिक्खूंनो, नव्या वाटेवर पाऊल घालावे, पण माग पाहून घालावे, आणि पहिले पाऊल आपले असावे. ही वीर्याची, म्हणजे नेटाने झटण्याची, पारमिता. सत्यावाचून ती पुरी होत नाही, हे सुयामाने आत्ता तुम्हाला दाखवले."